किमोतल्या मुलाचा ताप सकाळची वाट बघत नाही

रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला फोन वाजतो. बहुतेक वेळा आईचाच असतो. "ताई, अंग गरम लागतंय, पण खेळतोय छान. वरणभात पण खाल्ला. गोळी देऊन झोपवू का? सकाळी घेऊन येतो." गेली सोळा वर्षं माझं उत्तर एकच आहे. खेळत असू दे, जेवलेला असू दे, आत्ता निघा.

मी इंदूरला लहान मुलांच्या रक्ताच्या आजारांच्या वॉर्डात सिस्टर आहे, राहते रामबागेत. आमच्याकडे मराठी कुटुंबं शहरातून येतात तशी बऱ्हाणपूर, खंडवा, सेंधवा इथूनही येतात. डॉक्टर पहिल्या दिवशी सगळं नीट समजावतात. पण त्या दिवशी आईबाबांच्या कानात एकच शब्द शिरतो, कॅन्सर, आणि पुढचं काही ऐकू येत नाही. दोन-तीन दिवसांनी तेच प्रश्न माझ्याकडे येतात, बहुतेक कॉरिडॉरमध्ये, हळू आवाजात. त्यांची उत्तरं इथे लिहिते आहे.

आधी आजार काय आहे ते. आपल्या हाडांच्या आत मऊ मगज असतो, त्याला बोन मॅरो म्हणतात. रक्त तिथे तयार होतं. लाल पेशी प्राणवायू वाहतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि प्लेटलेट रक्तस्राव थांबवतात. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, एक कच्ची पांढरी पेशी बिघडते. ती पिकत नाही, मरत नाही, नुसती वाढत जाते. सुगरणीनं भरलेल्या शेगडीवर एकच पातेलं पसरून बसावं आणि बाकीच्यांना जागाच उरू नये, तसं मगजात होतं. लाल पेशी कमी पडल्या की मूल पांढुरकं दिसतं आणि दमतं. प्लेटलेट कमी झाल्या की अंगावर निळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येतं. कामाच्या पांढऱ्या पेशी संपल्या की ताप हटत नाही. मगज भरून फुगला की हाडं दुखतात, आणि कालपर्यंत धावणारं मूल लंगडायला लागतं. हे लंगडणं बऱ्याचदा 'सांधेवात' म्हणून स्टिरॉइडवर काढलं जातं. दोन आठवडे बरं वाटतं, आजार झाकला जातो आणि निदान अवघड होऊन बसतं. म्हणून मूल पांढुरकं पडलंय, अंगावर डाग आहेत आणि ताप हटत नाही, अशी जोडी दिसली तर स्टिरॉइड सुरू करण्याआधी एक सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं एवढं मागून घ्या.

मुलांमध्ये सर्वांत जास्त दिसतो तो ए.एल.एल., म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. तो दोन ते पाच वर्षांच्या वयात जास्त आढळतो. आईच्या हातून काही चुकलं म्हणून तो होत नाही. गरोदरपणी ग्रहण पाहिलं, बाळाला बाहेरचं दूध दिलं, पडलं तेव्हा डॉक्टरकडे नेलं नाही, यातलं काहीही कारण नाही. तो संसर्गजन्यही नाही. भावंडांनी एका ताटात जेवलं तर त्यांना होत नाही. हे मी दर वेळी दोनदा सांगते, कारण एकदा सांगून पटत नाही.

हा आजार बरा होतो का? होतो. चांगल्या सोयी आहेत त्या देशांत ए.एल.एल.ची दहापैकी जवळपास नऊ मुलं बरी होतात. १९४८च्या आधी एकही औषध नव्हतं. त्या वर्षी बोस्टनच्या सिडनी फार्बर या डॉक्टरांनी जाहीर केलं की १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिल्यावर त्यांतल्या १० जणांचा आजार काही काळ मागे हटला. ते औषध तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच औषधाचं भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट आजही आमच्या ट्रॉलीवर रोज असतं. दुसरं रोजचं औषध व्हिन्क्रिस्टीन, ते सदाफुलीतून निघतं. हो, तीच अंगणातली जांभळी-पांढरी सदाफुली. पण त्यासाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात आणि हाताशी येतं ते ग्रॅमभर. म्हणून सदाफुलीचा काढा करून मुलाला पाजू नका. त्यातून औषधाचा डोस मिळत नाही, विषबाधा मात्र होऊ शकते.

आता उपचार इतके लांब का, ते. निदान होतं तेव्हा अंगात साधारण एक लाख कोटी कॅन्सरपेशी असतात. पहिल्या चार-पाच आठवड्यांत (याला इंडक्शन म्हणतात) स्टिरॉइड, व्हिन्क्रिस्टीन, ॲस्पॅरॅजिनेज आणि गरजेप्रमाणे डॉनोरुबिसिन देतात. महिन्याभरात सूक्ष्मदर्शकाखाली मगज स्वच्छ दिसतो. मूल हसायला लागतं, भूक लागते, गाल भरतात. पण स्वच्छ दिसणाऱ्या मगजातही कोट्यवधी पेशी दडलेल्या असू शकतात. म्हणून एम.आर.डी. नावाची तपासणी करतात. ती दहा हजारांत एक पेशी जरी वाईट असली तरी पकडते. पुढची औषधं किती जोरात द्यायची हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरतं. मग पाच-सहा महिने मोठा मारा आणि त्यानंतर घरी गोळ्यांचं मेंटेनन्स. सगळं मिळून दोन ते अडीच वर्षं, कधी तीन.

मेंदू आणि मणक्याभोवतीच्या पाण्यात रक्तातली औषधं नीट पोचत नाहीत. ती जागा म्हणजे माळ्यावरचा कोपरा, झाडू खालूनच फिरतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत सेंट ज्यूडच्या डोनाल्ड पिंकेल यांच्या गटानं तिथला आजार वेगळा मारायचा हे धरून बसून ठरवलं, तेव्हापासून मुलं खऱ्या अर्थानं बरी व्हायला लागली. पाठीतलं इंजेक्शन त्यासाठी असतं. त्यानं मूल लुळं पडत नाही. इंजेक्शननंतर सांगतील तितका वेळ सपाट झोपवा, भरपूर पाणी द्या, डोकं दुखलं तर कळवा. आणि एक गोष्ट आमच्यासाठीच लिहिते. व्हिन्क्रिस्टीन पाठीत गेलं तर जीव जातो. ते फक्त शिरेतून देतात. म्हणून चांगल्या वॉर्डात ते पाठीच्या इंजेक्शनच्या ट्रेमध्ये येतच नाही, आणि दोघीजणी नाव वाचून, मोठ्यानं उच्चारून मगच देतात. तुमच्या समोर आम्ही असं वाचलं तर वेळ वाया घालवतोय असं वाटू देऊ नका.

पहिल्याच आठवड्यात आणखी एक धोका असतो. औषधानं पेशी एकदम फुटतात आणि त्यांच्यातला मसाला रक्तात सांडतो. युरिक ॲसिड, पोटॅशियम आणि फॉस्फरस वाढतं, कॅल्शियम उतरतं, किडनी अडते. म्हणून सलाईन जोरात चालतं, लघवी मोजतात, दिवसातून दोन-तीनदा रक्त काढतात, ॲलोप्युरिनॉल किंवा रॅसब्युरिकेज देतात. इथे घरच्या प्रेमाचा त्रास होतो. आजी हमखास नारळपाणी आणते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. त्या आठवड्यात नारळपाणी, मोसंबीचा रस काहीही देण्याआधी विचारा. पुढे नारळपाणी पाजा की हौसेनं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले तो ताप.

किमो वाईट पेशी मारते, पण मगजातल्या चांगल्या पेशींनाही झळ लागते. डोसनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पेशी सगळ्यांत खाली येतात. रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी बघून भागत नाही, त्यांतले जंतूंशी लढणारे न्यूट्रोफिल बघायचे. हिशोब सोपा आहे. एकूण पांढऱ्या पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, तर १२००चे २० टक्के म्हणजे २४०. हा आकडा ५००च्या खाली गेला की मूल जंतूंसमोर उघडं पडतं. वॉर्डात सगळे याला 'एएनसी' म्हणतात. महिन्याभरात सातवी शिकलेली आईसुद्धा रिपोर्ट हातात पडल्यावर माझ्याआधी तो काढते.

जंतू बाहेरूनच येतात असं नाही. बहुतेक वेळा ते मुलाच्या स्वतःच्या तोंडात, आतड्यात आणि कातडीवर आधीपासून असतात. किमोनं आतड्याचं अस्तर सोलवटतं, त्या भेगांतून ते रक्तात शिरतात. म्हणून घर धुऊन-पुसून लख्ख ठेवलं, नवऱ्याला बाहेर चपला काढायला लावल्या, तरी ताप येतोच. तो आला म्हणून तुमचं काही चुकलेलं नसतं. मला हे आयांना सांगावं लागतं, कारण ताप आला की त्या आधी रडतात आणि म्हणतात, काल मीच त्याला मांडीवर घेतलं होतं.

दुसरं, न्यूट्रोफिल नसले की पू होत नाही, सूज येत नाही, लाली दिसत नाही. जंतूंशी लढणारंच कोणी नसतं म्हणून लढाईच्या खुणा दिसत नाहीत. ताप एवढीच खूण उरते. म्हणूनच तो बाकी मुलांच्या तापासारखा नाही. रात्री ११ वाजता खेळणारं मूल पहाटे ४ वाजता थंडगार पडू शकतं. मी ते पाहिलंय, त्यामुळे फोनवर माझा आवाज कडक होतो. राग मानू नका.

काय करायचं? थर्मामीटर स्वतःचा ठेवा, डिजिटल, काखेत लावायचा. गुदद्वारातून ताप कधीही बघू नका, तिथून एनिमा किंवा सपोझिटरीही नाही, कारण तिथली नाजूक कातडी फाटली की जंतूंना दार उघडतं. एकदा जरी १०१ फॅरनहाइट दिसला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर निघा. १००.४ दिसल्याबरोबर वॉर्डाला फोन करा. मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, त्यानं आकडा खाली येतो आणि आजार वर चढत राहतो. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन तर घरातच नको, प्लेटलेट आधीच कमी असतात. हॉस्पिटलमध्ये पोचल्यापासून तासाभराच्या आत शिरेतून ॲन्टिबायोटिकचा पहिला डोस गेला पाहिजे. आधी रक्ताचं कल्चर (जंतू शोधायची तपासणी) घेतात, पण रिपोर्ट यायची वाट बघत नाहीत. हा एक तास सगळ्या जगात मोजला जातो.

स्टिरॉइड चालू असताना ताप झाकला जातो, त्या वेळी उलटं लक्ष ठेवा. ताप नाही, पण हातपाय गार, मूल झोपाळू, लघवी कमी, पोट दुखतंय, नुसतं 'काहीतरी बिनसलंय' असं आईला वाटतंय, तेही निघायला पुरेसं कारण आहे. आईच्या वाटण्यावर मी आजवर एकदाही हसलेले नाही.

स्टिरॉइडचे आठवडे घरच्यांना फार जड जातात. मूल रात्री दोन वाजता उठून पोहे मागतं, तेही शेव घालून. दहा मिनिटांत पुन्हा भूक. चेहरा फुगतो, चिडचिड होते, वस्तू फेकतं, रडतं आणि मग मिठी मारतं. हा औषधाचा खेळ आहे, मुलाला बिघडवलंय असं समजू नका. मीठ आणि साखर मात्र कमी करा, कारण बी.पी. आणि शुगर दोन्ही चढतात. पोहे घरी, ताजे, गरम. सराफ्यातल्या खाऊगल्लीतलं काही नाही, रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीची गर्दी नाही. फळं अशी निवडा जी सोलून खाता येतात, केळं, संत्रं, पपई. द्राक्षं राहू द्या. पाणी उकळून गार केलेलं. दह्याबद्दल प्रत्येक वॉर्डाचा नियम वेगळा असतो, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

व्हिन्क्रिस्टीननं नसा थोड्या सुस्तावतात. जबडा दुखतो, पायाचा पंजा खाली लोंबतो, चालताना मूल पाय आपटतं, आणि शी घट्ट होते. शी थांबली तर पोट फुगतं आणि गोष्ट गंभीर होते, म्हणून सारक औषध पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, त्रास झाल्यावर नाही. काही बुरशीविरोधी औषधं याच्याबरोबर घेतली तर हा त्रास खूप वाढतो, तेव्हा बाहेरच्या डॉक्टरांनी काही लिहिलं तर आम्हाला आधी फोटो पाठवा. ॲस्पॅरॅजिनेजनं कधी ॲलर्जी येते, कधी स्वादुपिंडाला सूज येऊन पोटात पाठीपर्यंत कळ जाते, कधी शिरेत गुठळी होते. डॉनोरुबिसिननं लघवी दोन दिवस लालसर होते, ते रक्त नव्हे. हृदयावर त्याचा परिणाम होऊ नये म्हणून इको काढतात. तोंडात फोड आले की मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या, मऊ ब्रश, आणि तिखट-आंबट बंद.

रक्त लागणार, प्लेटलेट लागणार. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, तेही सतत हलवत ठेवल्या तर. म्हणून साठा कधीच पुरत नाही आणि नातेवाईकांना फोन करावे लागतात. रक्त इरॅडिएट केलेलं, म्हणजे किरण देऊन निर्धोक केलेलं मागा. नाहीतर दात्याच्या पेशी मुलाच्या अंगावर उलटू शकतात. मूल पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटला जायची शक्यता असेल तर आईबाबांनी आणि सख्ख्या भावंडांनी त्याला रक्त आधी देऊ नये, डॉक्टरांना विचारून ठरवा. सख्खं भावंड जुळण्याची शक्यता चारांत एक असते. ट्रान्सप्लांट सगळ्या मुलांना लागत नाही, बहुतेकांना औषधांनीच भागतं. ज्यांना लागतं त्यांच्यासाठी एम.वाय. हॉस्पिटलात, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयात, युनिट आहे.

मेंटेनन्सच्या गोळ्यांची मात्र मला फार काळजी वाटते. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरीन, आणि आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट. ही 'एकदाच' गोष्ट आमच्या एका मुलीच्या बाबतीत चुकली. घराजवळच्या दुकानात कोणीतरी पाकिटावर 'रोज' लिहिलं. आजीनं भक्तिभावानं रोज दिली. आठव्या दिवशी मुलीच्या ओठांपासून घशापर्यंत फोड, पाणी गिळवत नाही, एएनसी जवळजवळ शून्य. वाचली ती, पण आम्ही तीन आठवडे श्वास धरून होतो. तेव्हापासून मी प्रत्येक घरी कालनिर्णयावर लाल पेनानं खूण करून देते. गुरुवार म्हणजे मेथोट्रेक्सेट, फक्त गुरुवार. आणि गोळ्या चुकल्या तर त्याही मोजा. शंभरात पाचपेक्षा जास्त डोस चुकले की आजार उलटायचा धोका वाढतो, हे अभ्यासात दिसलंय. काही मुलांना मर्कॅप्टोप्युरीन जनुकामुळे सोसत नाही, पेशी फार खाली जातात, आपल्याकडे ते काही दुर्मीळ नाही. ते डॉक्टर ठरवतील, डोस मनानं कमी करू नका. टॉनिकांपासून लांब राहा. फॉलिक ॲसिड मेथोट्रेक्सेटच्या विरुद्ध काम करतं आणि लोह रक्त चढवून आधीच अंगात साठलेलं असतं. को-ट्रायमॉक्सॅझोलची गोळी आठवड्यातून दोन-तीन दिवस मिळते ती फुप्फुसाच्या एका खास संसर्गासाठी असते, ती बंद करू नका. घरात कोणाला कांजिण्या झाल्या तर त्याच दिवशी कळवा, उशीर झाला की उपाय कमी पडतो. भावंडाला पोलिओचे तोंडी थेंब न पाजता इंजेक्शन घ्यायचं असतं, तेही लसीच्या आधी विचारा.

सगळीच मुलं ल्युकेमियाची नसतात. झाबुआ-अलीराजपूरकडून सिकलसेलची मुलं येतात. त्यांची प्लीहा लवकर निकामी होते, म्हणून त्यांचाही ताप तातडीचाच. १ जुलै २०२३ला शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, त्यात तपासणी मोफत होते. थॅलेसेमियाच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, आणि त्या रक्ताचं लोह हृदयात-यकृतात साठू नये म्हणून गोळ्या. मगज सुकलेली ॲप्लास्टिक ॲनिमियाची मुलं कमी येतात, पण त्यांचाही एएनसी आणि ताप याच हिशोबात बसतो.

पैशाचं उघडच बोलू. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. कार्ड नसेल तर पहिल्याच दिवशी सोशल वर्करकडे जा, लाजू नका. महिन्याभरात मूल बरं दिसतं, मजुरी बुडते, आणि कोणी म्हणतं आता काय उरलंय, घरी नेऊ. तेव्हा उरलेल्या त्या कोट्यवधी पेशी आठवा. अर्धवट सोडून गेलेलं मूल परत येतं तेव्हा औषधं पहिल्यासारखी चालत नाहीत. जायचंच असेल तर आधी माझ्याशी बोला. बसभाड्याची, राहायची सोय बहुतेक वेळा निघते.

सेंधव्याहून एक वडील मुलाला घेऊन येतात. आग्रा-मुंबई रस्त्यानं तीन तास तरी लागतात. एक तासाचा नियम त्यांना कसा जमणार, हा माझाही प्रश्न होता. डॉक्टरांनी त्यांना एक पत्र दिलंय. कोणत्या ॲन्टिबायोटिकचा पहिला डोस तिथेच जवळच्या सरकारी हॉस्पिटलात द्यायचा, किती वजनाला किती, आणि मग लगेच गाडीत बसवून इंदूर. गेल्या पावसाळ्यात ते कामी आलं. दारामागच्या खुंटीवर त्यांची पिशवी असते. त्यात फाइल, कार्ड, थर्मामीटर, चार्जर, एक चादर. रात्री कॅज्युअल्टीत कोण भेटेल सांगता येत नाही आणि घाबरल्यावर मराठीत सुरू झालेलं वाक्य तिथे कोणाला कळत नाही, म्हणून पिशवीच्या वरच्या खिशात हिंदीत लिहिलेला कागद आहे. मुलाचं वजन, शेवटच्या किमोची तारीख, आणि खाली मोठ्या अक्षरात: "बच्चे को ब्लड कैंसर है, कीमो चल रही है, बुखार 101 है. पहले एंटीबायोटिक लगाइए, फिर पर्ची बनाइए."